बोअर घेण्याआधी

पुणे, ४ मे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं डाळिंबाबद्दल आणि शेवटी एक ओळ: 'तू पाण्यातला शास्त्रज्ञ ना, मग बोअर कुठे घेऊ तेवढं सांग.' वहिनींनी नारळवाला पाणाड्याही बोलावलाय म्हणतोस. येऊ दे. ओढ्याकाठच्या सखल जागेकडे बोट दाखवण्याइतकं त्याला कळतं, आणि खरं सांगू, आम्हीही आधी तिथेच जातो.

तुला सरळ उत्तर देणं मला जड जातंय. का, ते सांगतो.

पीएचडीला मी कऱ्हेच्या खोऱ्यातल्या विहिरी घेतल्या होत्या. लाईट रात्री यायची, म्हणून पंपिंग टेस्टही, म्हणजे पंप चालवून पाणी किती वेगाने उतरतं ते मोजणं, रात्रीच. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात टेप. टेपच्या टोकाला खडू फासायचा, भिजला तिथवर पाणी. सुरुवातीला दर मिनिटाला नोंद. सगळं आलेखावर मांडलं तर पाणी कसं उतरतं ते सांगणाऱ्या, थाइस नावाच्या भूजलशास्त्रज्ञाच्या वक्रावर काही बसेना. बसणार कसं? त्याचं १९३५ सालचं समीकरण सुईसारख्या बारीक विहिरीचं. विहिरीच्या पोटातलं पाणी त्यात शून्य धरलेलं. आपली विहीर सात मीटर व्यासाची. पाणी मीटरभर उतरलं तर साडेअडतीस हजार लिटर तिच्या पोटातलंच गेलं. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली मोठ्या व्यासाच्या विहिरींचं गणित मांडलं होतं. तो निबंध हाती लागला तेव्हा कुठे माझे दोन उन्हाळे फुकट जायचे वाचले. (त्याच आनंदात टेप विहिरीत पाडला. अजून तिथेच असेल.)

पुढे नोकरीत तेच: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, त्याच त्या विहिरींची पातळी. कंटाळवाणं काम, पण आपल्या खडकाचा स्वभाव त्यातूनच कळला. झिजलेला बेसॉल्ट भारी चिक्कू. त्याच्या शंभर भागांतून साधारण दोन भाग पाणी सुटतं. म्हणजे एका हेक्टरखाली पातळी मीटरभर उतरली, तर हाती येतं दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर, बस्स.

आता, जे कुठल्याच निबंधात लिहिलं नाही ते. एका गावात माझी एक निरीक्षण विहीर होती, सहा परस खोल. मे महिन्यातही तळाला पाणी असायचं. शेजारच्या शेतकऱ्याला बोअरची जागा मीच दाखवली. दोनशे वीस फुटांवर, तांबड्या थराखाली पाणी लागलं. फवारा उडाला, मला पेढे मिळाले. ते बघून तीन वर्षांत त्या शिवारात बोअरच्या गाड्याच गाड्या. चौथ्या मे महिन्यात खडू कोरडाच वर आला.

त्या पहिल्या बोअरच्या तोंडाशी कान लावला. आत पाणी पडत होतं, नळ उघडा राहिल्यासारखं. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, वरच्या वीस फूट मुरमापुरतं, त्याखाली भोक उघडंच. वरच्या थरातलं, विहिरीच्या वाट्याचं पाणी त्या भोकातून खालच्या खडकात चाललं होतं. बाजूला शेतकऱ्याची आई उभी होती. म्हणाली, "सायेब, पाणी वाजतंय, मग हिरीत का न्हाई?" मला उत्तर येत होतं, पण तोंडातून निघेना.

त्यानंतर पाणलोटाची कामं पुष्कळ केली, चर, बंधारे, सगळं. ती उपयोगी पडतातच. पण जिरलेलं पाणी उपसायचं किती आणि कोणी, हे आम्ही अहवालाच्या शेवटच्या पानावर ढकलायचो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. ते इंजिनिअर आणि कारखानदार. भूजलाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आम्ही तिथे जाऊन पातळ्या मोजल्या आणि चहा पिऊन परत आलो. याची मला अजून लाज वाटते.

तेव्हा बोअर आत्ता नको. आधी विहिरीतला गाळ काढ. झरे कुठल्या अंगाला आहेत ते गाळ काढणाऱ्यांनाच विचार, त्यांना बरोबर दिसतं. रोज सकाळी पंप लावायच्या आधी, काठापासून पाणी किती खाली आहे ते कॅलेंडरवर लिहीत जा. दोरीला फुटाफुटावर गाठी मार. मी पावसाच्या आधी येतो. खडू आणीन. आणि पाणाड्याला मी येईपर्यंत थांबवून ठेव, मला त्याच्याशी बोलायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक