बाल्सामिकची बाटली घेताना

संपादक महोदय,

इटालियन कुटुंबांच्या खाद्यव्यवसायांवरील लेखात इटलीतील मोदेनाच्या बाल्सामिक व्हिनेगरचा (द्राक्षरसाच्या गडद, आंबटगोड व्हिनेगरचा) उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्रेब्यानो, लाम्ब्रुस्को अशा द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात आटवतात. फार आटला तर साखर इतकी वाढते की रस आंबवणारे यीस्ट कामच करत नाही. पुढे तो घराच्या माळ्यावर, उतरत्या आकाराच्या पाच-सात लाकडी पिंपांत मुरतो. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशी लाकडे वेगवेगळी. माळाच का, तर उन्हाळ्याच्या काहिलीत पाणी उडते आणि हिवाळ्यात गाळ खाली बसतो. पिंपे काठोकाठ भरत नाहीत, कारण आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडे काढायचे, ती तूट शेजारच्या मोठ्यातून भरायची, असे करत सर्वांत मोठ्यात नवा आटवलेला रस. हाव धरून जास्त काढले की कोवळे व्हिनेगर पुढे सरकते आणि आजोबांनी राखलेली चव नातू घालवतो. मुलगी जन्मली की पिंपांचा नवा संच लावायची जुनी प्रथाही तिथे आहे.

आपल्या दुकानांत दिसते ते बहुधा ‘आयजीपी’ (भौगोलिक मानांकनाचा शिक्का) असलेले : वाइन व्हिनेगर मिसळलेले, किमान 60 दिवसांचे. सॅलडला ते उत्तम. ‘त्रादित्सिओनाले’, म्हणजे वर सांगितलेले पारंपरिक, किमान 12 वर्षांचे; त्यातलेच ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ (फार जुने) किमान 25 वर्षांचे, ठरलेल्या घाटाच्या 100 मिलीच्या बाटलीत. घटकांत वाइन व्हिनेगर छापले असेल तर ‘त्रादित्सिओनाले’ची किंमत मोजू नये. आणि खरे मिळालेच, तर ते शिजवू नये. पार्मेजानो चीजच्या तुकड्यावर दोन थेंब पुरतात.

— एक वाचक, नाशिक