सामने थांबले, खानावळ चालूच

महोदय,

इंडियन सुपर लीग ही देशातली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा रखडली तेव्हा छापून आले ते लीगचे व्यावसायिक हक्क, निविदा आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची घटना, म्हणजे नियमावली. क्लबांच्या गल्ल्याचे काय झाले, याबद्दल फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र.

जुलै 2025 मध्ये लीग स्थगित झाली. लीग चालवणाऱ्या कंपनीकडून महासंघाला वर्षाकाठी 50 कोटी मिळवून देणारा 2010 चा करार डिसेंबरात संपणार होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. ऑगस्टमध्येच बेंगळुरू एफसीने मुख्य संघातले खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. नोव्हेंबरात हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. डिसेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले.

अखेर 14 फेब्रुवारी 2026 ला चेंडू हलला, पण 14 संघ आणि एकेरी फेरी, म्हणजे प्रत्येकाचे 13 सामने. आधीच्या हंगामात साखळीतच 24 होते. घरच्या मैदानावर 12 ऐवजी सहा-सात सामने मिळाले, तर तिकीट आणि मैदानावरच्या जाहिरातींचे पैसे निम्म्यावरच येणार. खेळाडूंचे करार मात्र सामन्यांवर नसतात, महिन्यांवर असतात.

हे मला कळते, कारण आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या (म्हणजे मंडळाच्या) फुटबॉल संघाची जमाखर्चाची वही मी काही हंगाम लिहिली आहे. आकडे कोटींचे नव्हते, एवढाच फरक. एका वर्षी प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने बंद झाले. दगड मारणारे दहा-वीस, शिक्षा सगळ्या संघांना. (त्यात आमचीही पोरं होती, हे कबूल करतो.) बाहेरगावचे चार खेळाडू भाड्याच्या खोलीत, त्यातले दोन परदेशी. ‘आज-उद्या सुरू होईल’ म्हणून त्यांना सोडता येईना, आणि ठेवून करायचे काय? जर्सीवर नाव छापून घेतलेल्या प्रायोजकाने उरलेले पैसे ‘मॅच सुरू झाल्यावर बघू’ म्हणून अडकवले. वर्गणीला दुकानात गेलो तर लोक हसायचे. खानावळवाल्या मावशींना थोडं थांबा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “मॅच न्हाईत म्हणून पोरं जेवायची थांबल्यात व्हय?”

त्या हंगामात आम्ही उधारी फेडली ती तालमीच्या गणपतीसाठी ठेवलेल्या पैशांतून. पुढच्या वर्षी मंडप लहान घातला. बड्या क्लबला मालकाची तिजोरी असते, तीही आटते हे आता दिसलेच. लहान क्लबला तेही नाही.

बंदीमुळे शिस्त लागते, हे मला मान्य आहे. पण कारवाई गोंधळ घालणाऱ्यांवर व्हावी. त्यांना मैदानात येऊ देऊ नका, फार तर तो सामना रिकाम्या गॅलरीपुढे खेळवा. आणि स्थगिती द्यायचीच असेल तर पुढचा निर्णय कोणत्या तारखेला होणार, ते त्याच पत्रकात लिहा. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ या तीन शब्दांवर कुठल्याच खजिनदाराला हिशेब मांडता येत नाही. लीगच्या नव्या करारातही एक कलम हवे: लीग चालवणाऱ्याने दरवर्षी काही रक्कम वेगळी ठेवावी आणि सामने महिन्याहून अधिक काळ थांबले तर त्यातून खेळाडू, मैदानाची निगा राखणारे आणि किट सांभाळणारे यांचे किमान पगार द्यावेत.

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर