सीट घेण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल भूलशास्त्राच्या सीटचा विषय निघाला आणि तू फोन मध्येच ठेवलास. बाबा नंतर जेवले नाहीत, बातम्याही लावल्या नाहीत, यावरून काय ते समज. "एवढं शिकून सर्जनच्या बाजूला उभं राहायचं का," हे त्यांचं बोलणं मलाही लागलं. माझी सगळी नोकरी सिस्टर म्हणून त्याच ओटीत, ऑपरेशन थिएटरात, गेली. पण त्यांच्या डोक्यात पाटी आहे रे. खालच्या गाळ्यात दवाखाना आणि बाहेर तुझं नाव. तो गाळा त्यांनी इतकी वर्षं कुणाला भाड्यानं दिला नाही, तो त्याचसाठी. आजींना तर भूलतज्ज्ञ म्हणजे कोणत्या रोगाचा डॉक्टर, हे मी अजून समजावून सांगतेच आहे.

फोनवर तू घाईत असतोस आणि मला एका दमात बोलता येत नाही, म्हणून लिहिते. एक विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. बाकी सगळं लिहिते.

मेडिसिनसाठी पुढच्या राउंडची वाट बघावी, हे बाबांचं म्हणणं मी सोडून देते. तुला भूलशास्त्रच हवं आहे हे मला तुझ्या इंटर्नशिपपासून दिसतंय. सर्जरीच्या पोस्टिंगवरून घरी यायचास तेव्हा ऑपरेशन कसं झालं ते कधी सांगितलं नाहीस. श्वासाची ट्यूब पहिल्या झटक्यात गेली का, प्रेशर कसं पडलं आणि कसं वर आणलं, तेवढंच सांगायचास. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. तेव्हाच समजले होते.

मग उरलं अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजचं एमडी की पुण्याच्या खासगी हॉस्पिटलचं डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डिग्री. राज्याच्या यादीतली एक सीट, दिल्लीच्या यादीतली दुसरी. कागदावर दोन्ही डिग्र्या सारख्या, तीन वर्षंही सारखीच. फरक आहे तो त्या तीन वर्षांत तुझे हात काय करतील यात.

अंबाजोगाईला तुला काय मिळेल ते मी बीड जिल्ह्याकडच्या केसेस पाहिल्या आहेत म्हणून सांगू शकते. ऊसतोडीला गेलेल्या बायका बाळंतपणाला उशिरा येतात, अंगात रक्त नसतं, कधी झटके सुरू झालेले असतात. औषध प्यालेला शेतकरी येतो, त्याच्या तोंडातून फेस येत असतो आणि ट्यूब त्याच क्षणी टाकावी लागते. रस्त्यावरचे अपघात, फुटलेलं अपेंडिक्स, अडलेला हर्निया. रात्री सिझर आलं की स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यात टोचायची भूल, तूच देणार. पहिल्या सहा महिन्यांत हात बसेल तो तिथं. हृदयाची किंवा ट्रान्सप्लांटची भूल मात्र बाहेर कुठं पाठवतील तेव्हाच बघायला मिळेल. पुढं एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड आहे, बाबा त्याला वाया गेलेलं वर्ष म्हणतात. मला तसं वाटत नाही. डिग्री झाल्यावर एकदम चार नर्सिंग होमच्या वाऱ्या करण्यापेक्षा एक वर्ष सरकारी ओटीत स्वतःच्या जबाबदारीवर काम केलेलं बरं.

पुण्याला यंत्रं चांगली असणार. सोनोग्राफीवर मज्जातंतू बघून तेवढाच भाग बधिर करणारा ब्लॉक द्यायला शिकशील, ट्यूब टाकताना घसा दाखवणारा कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप हातात येईल, अवघड मान-जबड्याचा पेशंट आला तर सगळी ट्रॉली तयार असेल. पण खासगीत पैसे भरलेल्या पेशंटला कन्सल्टंटचाच हात हवा असतो. तू बाजूला उभा राहून चार्ट भरणार आणि सिरिंजा भरणार, असं व्हायला नको. आणि डीएनबीची परीक्षा कडक, हे तू मला सांगायची गरज नाही. मावशीच्या पुतणीचं काय झालं ते आठव.

दोन्हीकडे जाऊन बघ. विभागप्रमुखांना भेटून काही कळत नाही, ते चहा देतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि त्यांना एकच विचार: रात्री दोन वाजता ट्यूब जात नाही, रक्तातला ऑक्सिजन, सॅच्युरेशन, पडतंय, तू फोन केलास, तर वरचा माणूस येतो का? किती वेळात येतो? आल्यावर ओरडतो की हात लावतो? "इथं सगळे सपोर्टिव्ह आहेत" असं उत्तर आलं तर पुन्हा विचार. खरं उत्तर नावानिशी येतं, अमुक सर पाच मिनिटांत येतात, अमुक मॅडम फोनच उचलत नाहीत.

ड्युटीचंही विचार. निवासी डॉक्टरची सलग ड्युटी १२ तासांच्या वर जाऊ नये, असा केंद्राचा आदेश १९९२ सालापासून आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, ते कात्रण बाबांनी ठेवलंय. आणि मी ओटीत ३६ तास जागी असलेली मुलं पाहिली आहेत. स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. पण ऑक्सिमीटरचा आवाज जरा खाली उतरला की मान वर व्हायची. पेशंटच्या अंगातला ऑक्सिजन कमी झाला की त्या मशिनची पट्टी उतरते, तू हे शिकला असशील. मी ते त्या मुलांच्या मानेवरून शिकले. इतक्या झोपेतही ज्याचे कान जागे राहतात त्या माणसाला थकवा कळत नाही. आणि थकवा कळला नाही की मग

हे बघ, तिकडेच चालले होते. राहू दे.

तुला किल्लारीच्या भूकंपाचं नीट कधी सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत, पहाटे चारच्या आत सगळं झालं. मी तेव्हा सोलापूरला नवीन होते. ट्रकनं माणसं येत होती. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली सापडलेली, हाडं मोडलेली, तोंडात माती. प्रत्येकाला बॉइल मशीन, भुलीचं यंत्र, कुठून आणणार? केटामाइन नावाचं भुलीचं इंजेक्शन दिलं जात होतं. त्यात पेशंट स्वतःचा श्वास घेत राहतो, प्रेशर टिकतं, म्हणून अशा वेळी तेच. एक भूलतज्ज्ञ मॅडम होत्या. एका टेबलावर औषध द्यायच्या, हनुवटी धरायला मला उभं करायच्या, पुढच्या टेबलावर जायच्या. केटामाइनमधून उठताना माणसं भलतंच बघतात, ओरडतात. त्या दिवशी ओरडत होती ती घरच्यांची नावं. आम्ही सिस्टर जवळ बसून हात धरायचो. मॅडम फिरत राहिल्या. सर्जनांचे फोटो नंतर छापून आले, मॅडमचा मी कुठं पाहिला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही. मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला पेशंट ओळखतात का? त्या म्हणाल्या, तो सकाळी चहा मागतो, तेवढं पुरतं.

बाबांना हेच सांगायचं असतं मला. पण ते समोर आले की नुसता वाद होतो.

आणि आजींना हे सांगेन की ओंकार जन्मला तेव्हा पाच मिनिटांनी त्याचा अपगार ९ होता. सगळ्या जगातल्या बाळांना जन्मल्याबरोबर जे मार्क देतात ते व्हर्जिनिया अपगार नावाच्या बाईंनी १९५२ मध्ये ठरवले, आणि त्या भूलतज्ज्ञ होत्या. सर्जन व्हायला निघालेल्या, मग भुलीकडे वळल्या. आयसीयू तरी कुठून आलं? त्याच १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं मानेतून श्वासनळीत नळी घालून हातानं फुगा दाबत श्वास चालू ठेवला, आणि मेडिकलची पोरं पाळीपाळीनं तो फुगा दाबत बसली. सर्जनच्या बाजूला उभं राहणाऱ्यांनी केलेलं आहे हे. तुझ्या कार्डावर नाव छोटं असेल. मला तुझा अभिमान वाटायला ते पुरेसं आहे.

आता लिहितेच. नाही लिहिलं तर पत्राला अर्थ नाही.

तुला माहीत आहे, ओटीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. दोन कुलपं, एक रजिस्टर. फेंटानिल, मॉर्फिन, पेथिडिन, दुखणं थांबवणारी पण व्यसन लावणारी औषधं; प्रत्येक अँप्युलची, म्हणजे काचेच्या कुपीची, नोंद, अर्धं उरलं तर दोघांच्या सहीनं टाकायचं. कुठल्याही डॉक्टरपेक्षा भूल देणाऱ्याच्या हातात ही औषधं जास्त वेळा येतात. रोज, दमलेल्या हातात. मी ज्या सरांबद्दल घरात कधी बोलत नाही, त्यांचा हात सोन्यासारखा होता. लहान पोराला सुई टोचल्याचं कळायचं नाही. रजिस्टर आणि कपाट जुळेना तेव्हा सगळ्यांच्या आधी मला दिसलं. पुढचं तुला माहीत आहे.

तू तसा नाहीस. हे मी स्वतःला सांगते, आणि मग तिसऱ्या वर्षाचा जून आठवतो. मावशीकडे राहिलास, दार लावून बसायचास, जेवणाचं ताट तसंच परत यायचं. गोळ्या सुरू झाल्या, बंदही झाल्या. त्या डॉक्टरांनी तुला बरं म्हटलं, तेही खरं. तू त्यातून उठून नीटची परीक्षा दिलीस, रँक आणलीस. मला ठाऊक आहे तू किती चिवट आहेस. पण चिवट माणूसच सांगत नाही ना. म्हणून अंबाजोगाईच्या बाजूनं माझं मन झुकतंय, आणि ते नुसतं हात बसावा म्हणून नाही, हेही सांगते. लातूरहून तासा-दीड तासाचा रस्ता आहे. हॉस्टेल आहे, शेजारच्या खोलीत कुणीतरी असेल. पुण्याला तू भाड्याच्या खोलीत एकटा, रात्रीची ड्युटी संपवून दिवसा पडदे लावून झोपणार, आणि मला कळायला दोन दिवस जातील.

हे माझ्या भीतीचं वजन आहे, तुझ्या निर्णयाचं नव्हे. ते वजा करून ठरव. पुण्याचे सर रात्री धावून येत असतील आणि अंबाजोगाईचे नसतील, तर पुण्याला जा. मी डबे घेऊन पुण्याला येईन.

जिथं जाशील तिथं पहिल्या आठवड्यात मानसोपचार विभागात एका माणसाशी ओळख करून घे, आजारी नसताना. जुन्या डॉक्टरांना कळव की तू कोणती शाखा घेतोयस. विचारलं तर तेही हेच म्हणतील. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं आणि आई नको वाटली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीतूनही बोलता येतं. सही करायची ती अँप्युल बघून कर, दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू नकोस. सलग दोन रात्री झाल्या तर तिसरी मागून घेऊ नकोस. पाणी पीत जा. मास्कमुळे मुलं पाणी पीत नाहीत.

किती लांबलं. तू वाचताना म्हणशील, आई वॉर्ड राउंडला निघाली. माफ कर. मी रिटायर झाले तरी हँडओव्हर पुरा दिल्याशिवाय मला उठता येत नाही.

मुदत शनिवारची आहे. बाबांनी तुझी मूळ कागदपत्रं काढून झेरॉक्सचे तीन संच केलेत, फोटो मागे नाव लिहून पाकिटात ठेवलेत. तुझ्याशी बोलले नाहीत तरी सकाळी स्टॅम्पपेपरची चौकशी करून आले. तू त्यांना फोन कर, सीटचं काही बोलू नकोस, नुसतं फाइल तयार आहे का ते विचार.

तुझी
आई

ता. क. बाबा आत्ताच विचारून गेले, अंबाजोगाईच्या हॉस्टेलला कूलर लावू देतात का. तू गेलास की बघून ये.