तरंगेल की बुडेल? दोन्ही नाही!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागात शाळकरी मुलांसाठी विज्ञान प्रश्नमंजूषा झाली. आयोजकांचे नाव घेत नाही, कारण हेतू चांगलाच होता. त्यात एक प्रश्न होता : 'गुरुत्वाकर्षण नसेल तर पाण्यातले लाकूड तरंगेल की बुडेल?' नववीतल्या माझ्या नातीने लिहिले, "दोन्ही नाही. ठेवलं तिथंच राहील. खालचं पाणी वर ढकलणारच नाही." त्यावर लाल फुली आणि शून्य गुण. आयोजकांचे उत्तर होते, 'तरंगेल, कारण लाकडाची घनता पाण्यापेक्षा कमी.'

पोरीचे उत्तर बरोबर आहे. गुण गेल्याचे दुःख नाही. पण ती आता विचारते, "आजोबा, मी विचार करून लिहिलं ते चुकलं काय?" म्हणून हे पत्र.

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे, हल्ली प्लॅस्टिकचा कॅन बांधतात. तो कॅन दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून बघा. खालून जो रेटा लागतो, त्यालाच पुस्तकात प्लावक बल म्हणतात. हा रेटा येतो पाण्याच्याच वजनातून. वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो, म्हणून जितके खोल जावे तितका दाब वाढतो. १० सेंटीमीटर बाजूचा ठोकळा पूर्ण बुडवून धरला, तर त्याच्या तळावरचा दाब माथ्यावरच्या दाबापेक्षा जास्त असतो. दोन्हींतला फरक ठोकळ्याला एक किलो वजनाइतक्या जोराने वर ढकलतो, म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या एक लिटर पाण्याच्या वजनाइतक्याच. आर्किमिडीजने सांगितले ते हेच. आता पाण्याला वजनच नसेल तर वरच्या पाण्याचा भार खाली येणार कुठून? तळाला आणि माथ्याला दाब सारखाच. मग लाकूड वर यायला कारण उरत नाही आणि लोखंडी खिळा खाली जायलाही नाही.

आयोजकांची चूक कुठे झाली असावी तेही सांगतो, कारण ती सहज होणारी आहे. घनतेचा नियम चंद्रावरही चालतो. तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण सहाव्या हिश्शाइतके. तरी आपल्या राकसकोप जलाशयाच्या पाण्यात ज्या ओंडक्याचे दहातले सहा भाग बुडतात, त्याचे चंद्रावरच्या बंदिस्त खोलीतल्या हौदातही सहाच भाग बुडतील. ओंडक्याचे वजन आणि पाण्याचा रेटा दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात. म्हणून वाटते की शून्यावरही तसेच होईल. पण शून्यावर दोन्ही नाहीसे होतात आणि तुलना करायला काही राहत नाही.

दुसरा घोटाळा आपल्या शब्दाचा. मराठीत ओंडकाही तरंगतो आणि अंतराळवीरही तरंगतो. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात राहून आले, तेव्हा बातम्यांत 'तरंगणे' हाच शब्द होता. पण हवेत अधांतरी असणे वेगळे आणि पाण्याने उचलून धरणे वेगळे. स्थानकात पाण्याचा गोळा होतो, त्यातला हवेचा बुडबुडा वर येत नाही, आत असतो तसाच राहतो. 'वर' म्हणायला तिथे दिशाच नाही.

शिवाय स्थानक असते जेमतेम ४०० किलोमीटरवर. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतेच. फक्त स्थानक, माणसे, पाणी सगळे मिळून पृथ्वीभोवती अखंड पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही.

हे घरी दाखवता येते. पाण्याची रिकामी लिटरची बाटली घेतली, बुडाजवळ तापलेल्या दाभणाने भोक पाडले, भोकावर बोट धरून पाणी भरले आणि झाकण काढूनच ठेवले. नात स्लॅबवर, तिचा भाऊ खाली मोबाईल घेऊन. बोट काढले की धार लांब उडायची. तशीच बाटली सोडून दिली. खाली पोचायला पाऊण सेकंद, पण स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसले : हात सुटताच धार बंद, भोक उघडे असूनही. "थांबलं की पाणी!" म्हणून पोरगं ओरडलं. पडत्या बाटलीत पाण्याच्या वजनाचा दाब नाही म्हणून धार नाही, आणि दाबाचा फरक नाही म्हणून तरंगणेही नाही.

मी स्वतः तीस वर्षे 'पाण्यापेक्षा हलके ते तरंगते' एवढेच फळ्यावर लिहून पुढे गेलो, याची आज खंत वाटते. आयोजकांना विनंती, हा प्रश्न पुन्हा तपासा. 'दोन्ही नाही' लिहिणारी आणखी मुले असतील, त्यांनाही गुण द्या. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही मराठी शाळेने बोलावले तर मी बाटली आणि दाभण घेऊन येईन. मानधन नको, एसटीचे तिकीट माझे मी काढीन. फक्त एखादी उंच गॅलरी आणि खाली उभी राहणारी मुले हवीत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव