वकीलकाका, त्या खुर्चीबद्दल

वकीलकाका, नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही हे तुम्ही दोनदा बजावलंय. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, उगाच कोणी म्हणायचं म्हाताऱ्याने लिहून घेतलं. बरं, नाही लिहीत. पण आभार मानायला बंदी आहे असं काही तुम्ही बोलला नाहीत, त्यामुळे मानतेय. रात्रीचे साडेअकरा झालेत, गल्ला मोजून झालाय, पोरं किचन धुऊन गेलीत, आणि आज सात महिन्यांनी आमच्याकडे परत गाणं झालं, म्हणून झोप काही येत नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गंगापूर रोडला सोमेश्वरच्या अलीकडे आमचं छोटं गार्डन हॉटेल आहे, सकाळी मिसळ, संध्याकाळी जेवण, आणि शनिवारी पत्र्याच्या शेडखाली दोन तास गाणी, गझल, भावगीतं, एक मुलगी गाते, एक तबला, एक पेटी, बस. दारू नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं कारण नाशकात हॉटेल टाकलं म्हटलं की लोक आधी विचारतात परमिट रूम आहे का, आणि त्यात आपलं वाईनचं गाव. हॉटेल माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, मिसळीचा मसाला माझ्या आईचा. आमचे हे अंबडला कंपनीत आहेत, ते रविवारी काउंटरला बसतात तेवढंच.

परवान्यांचं सगळं आम्ही एका एजंटाला दिलं होतं. नाव त्याचंही लिहीत नाही, त्याची मात्र खरंच जाहिरात होईल. गोड माणूस हो. "ताई टेन्शन घेऊ नका, आत आपली ओळख आहे," हे दोन वर्षांत शंभरदा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी त्या ओळखीच्या मागून एक आकडा यायचा. एक लाख दहा हजार गेले, त्यात माझ्या पाटल्या गहाण पडल्या. दर वर्षी शॉप ॲक्टच्या रिन्यूअलचे म्हणून वेगळे पैसे. काका, तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत कामाला माणसं किती, मी म्हटलं आठ, तर तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. २०१७ चा कायदा आल्यापासून एवढी कमी माणसं असली तर नुसती ऑनलाईन सूचना द्यायची असते, रिन्यूअल हा प्रकारच नाही. म्हणजे तो दर वर्षी काय रिन्यू करत होता देव जाणे, बहुतेक स्वतःची गाडी.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या शनिवारी पोलीस आले आणि कार्यक्रम बंद झाला. शेजारच्या सोसायटीने तक्रार केली होती. मी घाईघाईने फाईल काढून दाखवली तर तिच्यात परवान्याच्या जागी अर्जाची पोच निघाली, शिक्का मारलेली झेरॉक्स, आणि मी दीड वर्ष तीच परवाना समजून लॅमिनेट करून ठेवली होती. चार दिवसांनी नोटीस. एजंटाचा फोन आधी बिझी, मग आउट ऑफ कव्हरेज, मग बाईचा आवाज की हा नंबर अस्तित्वात नाही. आमच्या भागातले एक भाऊ आहेत, चौकाचौकात त्यांचे हात जोडलेले फोटो असतात, ते येऊन बसले, सहा माणसं, सहा मिसळ, जास्तीचे पाव, ताक, आणि "बघतो" म्हणून गेले, अजून बघतायत. एका दुसऱ्या वकिलांनी फोनवरच फी सांगितली, घेतली, आणि तीन आठवड्यांनी मला विचारलं, "तुमचं ते लॉजचं मॅटर ना?"

तुमचा पत्ता आमच्या दूधवाल्याने दिला. मी आले तेव्हा मनातून ठरवूनच आले होते की हे शेवटचं, नाहीतर हॉटेल विकायचं.

तुम्ही फाईल उघडलीत आणि आधी फूड लायसन्सचा कागद घेतलात. पेनाचं टोक एकेका आकड्यावर ठेवत मोजलंत. परत मोजलंत. मग कागद माझ्याकडे फिरवून म्हणालात, "ताई, तुम्ही मोजा." तेरा. "चौदा लागतात," तुम्ही म्हणालात. त्या ठगाला खोटा नंबरसुद्धा नीट छापता आला नव्हता! मला हसायला आलं आणि हसता हसता रडू आलं आणि तुम्ही काहीच न बोलता खिडकीतून खाली चहावाल्याला दोन बोटं दाखवलीत. दोन वर्षं तो नंबर काउंटरच्या मागे फ्रेममध्ये होता, हजारो लोक त्याच्याखाली उभे राहून पैसे देऊन गेले, मी रोज त्याला उदबत्ती ओवाळायची कारण शेजारी गणपतीचा फोटो आहे.

पुढचं सगळं मी इथे लिहीत नाही, कोणता फॉर्म, कुठला चलन नंबर, ते ज्याचं त्याला माहीत. लोकांना वाटतं हॉटेल म्हणजे एक लायसन्स. खाण्याचं वेगळं, पोलिसांकडचं ईटिंग हाऊसचं वेगळं, लोकांना गाणं ऐकवायचं तर जागेचा आणि कार्यक्रमाचा परवाना वेगळा, आणि त्याचे नियम १९६० चे, मेळे आणि तमाशेसुद्धा त्यातच येतात, म्हणजे आमच्या गझलवाल्या मुलीला आणि फडाला कायदा एकच. स्पीकरची लेखी परवानगी दिवसासुद्धा लागते हे मला माहीतच नव्हतं, मी आपली दहा वाजता बंद केलं की झालं अशा समजात. आग विझवायच्या नळकांड्या एजंटानेच विकल्या होत्या, दोन्हींची तारीख गेलेली. आता किचनमधल्या कॅलेंडरवर जानेवारी आणि जुलैला लाल गोल आहे, फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची साधनं चालू आहेत याचा दाखला. आणि मधल्या वेळात मी टीव्हीवर गाणी लावते तर त्यालाही गाण्याच्या मालकांचं लायसन्स लागतं म्हणालात, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने. एजंट म्हणायचा, "ताई, यूट्यूब प्रीमियम घेतलंय ना, मग आपण पैसे भरलेत की."

पण हे पत्र त्यासाठी नाहीच. हे पत्र त्या खुर्चीसाठी आहे.

जुलैतला दिवस, धो धो पाऊस, मी, तुम्ही आणि माझा दीर, तो फक्त गाडी चालवायला आला होता. एका कचेरीत दुसऱ्या मजल्यावर आपला नंबर लागला. टेबलासमोर एकच खुर्ची. साहेबांनी तुम्हाला ओळखलं, "या वकीलसाहेब, बसा बसा," आणि मग माझ्या दिराकडे बघून म्हणाले, "मालक हेच का?" आता हे मला नवीन नाही. दोन वर्षं मी हेच ऐकतेय, बँकेत, गॅस एजन्सीत, भाजी मार्केटात पण. एजंट तर मला पार्किंगमध्येच थांबवायचा, म्हणायचा आत बायकांचं काम नाही ताई, तुम्ही गाडीपाशी थांबा, आणि मी थांबायचे, ऊन असो पाऊस असो, माझ्याच हॉटेलाच्या कागदांसाठी मी गाडी राखत बसायचे.

तुम्ही ती खुर्ची हाताने मागे ओढलीत. तिच्या एका पायाचं रबर गेलेलं होतं, असा कर्रकन आवाज झाला की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वर बघितलं. तुम्ही म्हणालात, "अर्जदार ह्या आहेत. ताई, बसा." आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिलात. बगलेत ओली छत्री, हातात फाईल, एखादा ज्युनिअर उभा राहतो तसे. तुमचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, जिना चढताना तुम्ही दोनदा थांबला होतात. चाळीस मिनिटं उभे होतात काका.

साहेब मला विचारत होते, टेबलं किती, मी म्हटलं चौदा. खुर्च्या, छप्पन्न. बाहेर पडायचे रस्ते, दोन, एक पार्किंगकडून, एक मागे द्राक्षाच्या बागेकडून. सिलिंडर कुठे ठेवता, बाहेर, जाळीत. एकामागून एक मला सगळं येत होतं! मग त्यांनी भाडेकरारातलं काहीतरी विचारलं, जागामालकाच्या संमतीचं, आणि माझी दातखीळ बसली. तुम्हाला उत्तर पाठ होतं, करार तुम्हीच तीनदा वाचला होतात. दुसरा कोणी असता तर पटकन बोलून मोकळा झाला असता. तुम्ही माझ्या खांद्यावरून फाईल पुढे ठेवलीत आणि फक्त एवढंच म्हणालात, "पान सात."

मी पान सात काढलं. बोट ठेवून वाचून दाखवलं. साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं, आणि त्यानंतर जे काही विचारलं ते माझ्याकडे बघूनच विचारलं, शेवटी तर म्हणाले, "मॅडम, मिसळ कुठली हो तुमची, काळ्या मसाल्याची का?"

बस, एवढंच. परत येताना गाडीत दीर म्हणाला वहिनी आज तू कलेक्टरसारखी बोलत होतीस, आणि तुम्ही पुढच्या सीटवर गुडघा चोळत हायवेच्या गोष्टी सांगत होतात, डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं आणि १ एप्रिल २०१७ ला शटरं पडली, लोक टेप घेऊन अंतर मोजत बसले, आणि जुलैमध्ये शहराच्या हद्दीला ते लागू नाही असं कोर्टाने सांगितलं तोवर कितीतरी वेटर गावाला निघून गेले होते. तुम्हाला मालकांचं नाही, त्या वेटरांचं वाईट वाटत होतं, ते माझ्या लक्षात राहिलं.

फी तुम्ही पूर्ण घेतलीत. हेही लिहिते, कारण लोक अशा पत्रात "एक रुपया घेतला नाही" असलं काहीतरी लिहितात. घेतलीत, पावती दिलीत, आणि पावतीवर माझं नाव, "यांच्या पत्नी" वगैरे नाही, बरोबर स्पेलिंगसकट. एक लाख दहा हजार दिले त्यांची एक चिठ्ठी नाही माझ्याकडे, आणि तुमच्या झेरॉक्सच्या छत्तीस रुपयांचीही पावती आहे.

सोसायटीतल्या आजोबांकडेही तुम्हीच पाठवलंत. मी म्हणत होते की तक्रार करणाऱ्याच्या दारात कशाला जायचं, तुम्ही म्हणालात डबा घेऊन जा आणि ऐकून या, बोलू नका. गेले. आजोबा म्हणाले गाण्याचं काही नाही गं, स्पीकरचं तोंड आमच्या बेडरूमकडे आहे, तेवढं फिरवलंस तरी चालेल. सात महिने, नोटीस, पाटल्या, आणि प्रश्न काय तर स्पीकरचं तोंड! फोनवर डेसिबलचं ॲपही तुम्हीच घ्यायला लावलंत, रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ असं लिहून दिलंत, मी हौसेने किचनमध्ये लावून बघितलं तर आमच्या वाटणाच्या मिक्सरनेच ऐंशी ओलांडले. तेव्हापासून वाटण दुपारीच.

आणि त्या जानेवारीतल्या हवालदारांचंही सांगायचं राहिलं. त्या रात्री मी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. पण नंतर आमच्या गाणाऱ्या मुलीने सांगितलं, ते गेटपाशी आले तेव्हा तिचा शेवटचा अंतरा चालू होता, आणि ते टोपी हातात घेऊन अंतरा संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, मग आत आले. ही अशी माणसं असतात हो. ओरडत नाहीत, फोटो लावत नाहीत, कुणाची ओळख सांगत नाहीत. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, जो तो हॉटेल टाकतोय, रूम काढतोय, आणि "आत ओळख आहे"वाल्यांची सुगी चाललीये. परवा एक नवीन आला होता आमच्याकडे, कार्ड घेऊन. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं फूड लायसन्सला आकडे किती असतात. तो म्हणाला बारा. त्याला मिसळ खायला घातली आणि पाठवून दिला, पैसे घेऊन.

आज गाणं आठला सुरू झालं, पावणेदहाला संपवलं. पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की तबला कमी आणि पाऊसच जास्त ऐकू येत होता, आता त्याला कोण नोटीस देणार. आजोबा आले होते, पुढच्या टेबलावर बसले आणि वर फर्माईश पण केली. परवाने सगळे काउंटरमागे लावलेत, खरे, गणपतीच्या शेजारी. नवीन नंबर मी स्वतः मोजला, टांगायच्या आधी तीनदा.

तुम्ही मागच्या आठवड्यात आलात तेव्हा छत्री आमच्याकडेच विसरलात, काउंटरच्या खाली ठेवलीये. तिचं बटण अडकत होतं ते ह्यांनी नीट करून दिलंय. पाऊस अजून महिनाभर तरी आहे, न्यायला या, आणि शनिवारीच या, आठच्या आधी.