मरताना निवड आहे, मग जगताना का नाही?

माननीय आरोग्यमंत्री महोदय, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आई न्हाणीत घसरली. वय ७३, खुबा मोडला. तिचे गुडघे आठ वर्षे पाहणारे डॉक्टर जवळच्याच एका खासगी इस्पितळात बसतात. आमच्याकडे सरकारी विम्याचे कार्ड. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "कार्ड चालतं, पण ही शस्त्रक्रिया कार्डावर इथं होत नाही. सरकारीत न्या." का? तर "वरून तसं आहे." हे 'वर' म्हणजे आपणच असावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

तीन रात्री आई व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती. पायाला वजन लटकवलेले, कूस बदलता येईना. खाली पेपर अंथरून मी. नर्सला दोष नाही, चाळीस रुग्णांमागे ती एकटीच धावत होती. चाळीस मी मोजले नाहीत, पण कमी नव्हते. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "माका घरा व्हर." चौथ्या दिवशी बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या आणि आईला तिच्याच डॉक्टरांकडे नेले. १,८०,००० झाले की १,९०,०००, पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, हव्या तर पाठवतो. कार्डाचा उपयोग शून्य.

पैसे सरकारचे, म्हणून दारही सरकारच ठरवणार? मग तो विमा कसला, ती रेशनची रांग झाली.

ही सवय जुनीच. १९८९ मध्ये एचआयव्ही आढळला म्हणून डॉमनिक डिसोझा या तरुणाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवले. मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सगळ्या गोमंतकीयांना, लक्षणे असोत वा नसोत, कोविडसाठी म्हणून पाच दिवस आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याची घोषणा झाली. जागतिक आरोग्य संघटना कोविडवर वैद्यकीय चाचण्यांबाहेर हे औषध नको म्हणत होती. पण आमच्या पोटात काय जावे ते मंत्रालयात ठरले! (मी लसविरोधी नाही, दोन्ही डोस घेतले आहेत. पण घेतले ते मी ठरवून.) २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लसीची सक्ती करता येत नाही असे सांगितले, शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये धरला. तो निकाल आमच्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही.

आणि गंमत पाहा. शेवटच्या आजारात नळ्या लावू नका, असे आधी लिहून ठेवण्याची सोय प्रत्यक्षात आणणारे गोवा पहिले राज्य. मे २०२४ मध्ये इथल्या उच्च न्यायालयाच्या खुद्द न्यायमूर्ती सोनक यांनी तसे इच्छापत्र केले. उत्तमच. म्हणजे आईने मरताना डॉक्टरला 'नको' म्हटले तर कायदा ऐकतो, पण 'मला हाच डॉक्टर हवा' म्हटले तर खिडकी ऐकत नाही.

कार्ड अजून गणपतीच्या कोनाड्यात आहे. नूतनीकरणाची तारीख जवळ आली. फी भरू की पाटल्या सोडवू, एवढे कळवावे.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक मतदार