माकडांच्या बातमीत फक्त टक्केवारी नको

मा. संपादक,
माकडांवरच्या रिसर्चची बातमी आली की हेडिंग ठरलेलं, 'माणसाशी ९८ टक्के साम्य', आणि पुढे काहीच नाही. चिंपांझीपुरता आकडा चूक नाही, २००५ला चिंपांझीचा जीनोम (म्हणजे त्याचा सगळा डीएनए) वाचून प्रसिद्ध झाला त्यात डीएनएचं अक्षराला अक्षर लावून बघितलं तर फरक साधारण सव्वा टक्काच निघाला. पण वागणुकीचं काय? १९५३मध्ये जपानच्या कोशिमा बेटावर इमो नावाची दीड वर्षांची माकडीण वाळूने माखलेलं रताळं ओढ्यात नेऊन धुवायला लागली, मग तिच्या बरोबरीची पोरं, मग तिची आई, असं ते पसरत गेलं, मोठे नर मात्र बहुतेक तसंच वाळूसकट खात राहिले! हे कळलं कारण संशोधकांनी एकेका माकडाला नाव देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. असं सविस्तर छापा ना, प्लीज.

एक नियमित वाचक